दर वेताला करडं-रेडकं हगवणीनं जातात? औषध बदलण्याआधी हे तपासा

तक्रार साधारण एकाच साच्याची असते. शेळी व्यायली, दोन करडं झाली, पहिल्या दिवशी उड्या मारत होती. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेपटीखाली पिवळट-पांढरं पातळ दिसलं, चौथ्या दिवशी एक गेलं. दुकानातून गोळ्या आणल्या, इंजेक्शन झालं, दुसरं कसंबसं वाचलं. पुढच्या वेताला पुन्हा तेच. मोहोळ, मंगळवेढा, सांगोला या पट्ट्यात मी पशुवैद्यक म्हणून फिरतो आणि पावसाळा सरत आला की असे फोन वाढतात. उस्मानाबादी शेळीचं करडू असो, पंढरपुरी म्हशीचं रेडकू असो की खिल्लार गाईचं वासरू, हकिगत फारशी बदलत नाही. शेवटचा प्रश्नही ठरलेला: "डॉक्टर, ह्याच्यापेक्षा भारी औषध सांगा की."

भारी औषधानं त्या वेळचं करडू वाचेलही. पण हगवण परत येते ती गोठ्याच्या जमिनीतून आणि जन्मानंतरच्या पहिल्या सहा तासांत जे व्हायला हवं होतं ते न झाल्यामुळे. या दोन गोष्टी तशाच ठेवून औषधं बदलत बसलात तर खर्च वाढेल, मर नाही थांबणार.

आधी वय मोजा

शेणाचा रंग बघून निदान करायची आपल्याकडे सवय आहे. पांढरी हगवण, हिरवी हगवण, प्रत्येकीचं वेगळं पाकीट. माझ्या अनुभवात रंगापेक्षा वय जास्त खरं बोलतं.

जन्मापासून पहिल्या चार दिवसांत, ताप नसताना, पाण्यासारखी हगवण लागली तर पहिला संशय ई. कोलाय या जिवाणूच्या एका विशिष्ट प्रकारावर घ्यायचा. पाचव्या दिवसापासून पुढे दोन-तीन आठवडे रोटाव्हायरस, वासरांचा कोरोनाव्हायरस (कोविडचा नव्हे, घाबरू नका) आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एकपेशीय परजीवी यांची पाळी असते. पिल्लू दोन आठवड्यांच्या पुढचं असेल, अंगात ताप असेल, शेणाला सडका वास, त्यात रक्त आणि आतड्याच्या अस्तराचे पापुद्रे दिसत असतील तर साल्मोनेला हा जिवाणू डोक्यात ठेवायचा. तीन-चार आठवड्यांनंतर करडू कुंथत असेल, शेपूट रक्ताळलेलं असेल तर कॉक्सिडिया हा आतड्यातला परजीवी. आणि खाऊन-पिऊन टणटणीत असलेलं कोकरू सकाळी मेलेलंच सापडलं तर तो आंत्रविषार. तो वेगळाच विषय आहे, पुढे सांगतो.

या सीमा काटेकोर नसतात. एकाच शेणात दोन-तीन जंतू सापडणं सर्रास. तरी वय नेमकं सांगितलंत तर निम्मं निदान फोनवरच होतं. "लहानच हाय" एवढ्यावरून काहीच कळत नाही.

जंतू ठाण मांडतो कसा

इथे जरा थांबू, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे सगळे उपाय आपोआप पटतात.

ई. कोलाय हा काही बाहेरून आलेला चोर नव्हे. तो प्रत्येक जनावराच्या, आपल्याही आतड्यात असतो. १८८५ मध्ये थिओडोर एशेरिश या डॉक्टरांनी तान्ह्या बाळांच्या विष्ठेतून तो पहिल्यांदा वेगळा काढला, त्यांच्याच नावावरून त्याचं नाव पडलं. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात. वासरं-कोकरांना मारणाऱ्या प्रकाराकडे मात्र दोन गोष्टी जास्तीच्या असतात: अंगावर चिकटायचे बारीक तंतू, आणि एक विष.

नुकतंच जन्मलेलं करडू बघा. धडपडत उभं राहतं आणि सड शोधायला लागतं. पण सड लगेच सापडत नाही. ते आईच्या मांडीचे शेणामुताने माखलेले केस चोखतं, शेपटीचं टोक चोखतं, गव्हाणीची कड चाटतं, पुढच्या पायांच्या मधल्या कातडीला ढुशा मारतं. कास लोंबती असेल, सड जाडजूड असतील तर हा शोध अर्धा-अर्धा तास चालतो. म्हणजे चिकाचा पहिला थेंब पोटात जायच्या आधी गोठ्यातली घाण पोटात गेलेली असते.

मोठ्या जनावराच्या चौथ्या कप्प्यात, म्हणजे खऱ्या जठरात, तीव्र आम्ल असतं. तोंडावाटे गेलेले पुष्कळ जंतू तिथेच मरतात. नवजात पिल्लाच्या जठरात पहिल्या दिवशी हे आम्ल जवळपास नसतंच. ही निसर्गाची सोयच आहे, कारण आम्ल असतं तर चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं तिथेच नासली असती. पण चीक वाचवणारी ही सोय जंतूलाही वाचवते. तो जिवंतच लहान आतड्यात उतरतो.

तिथे एरवी दुधाच्या लोंढ्याबरोबर आणि आतड्याच्या हालचालीबरोबर जंतू पुढे वाहून जायला हवा. या प्रकाराच्या अंगावर के-९९ नावाचे तंतू असतात (नव्या पुस्तकांत त्यांना एफ-५ म्हणतात). मेंढीच्या लोकरीत कुसळ अडकावं तसा तो या तंतूंनी आतड्याच्या पेशींना अडकतो. ज्या खुणांना हे तंतू चिकटतात त्या खुणा फक्त कोवळ्या पेशींवर असतात आणि वयाबरोबर काही दिवसांतच कमी होत जातात. पहिल्या चार दिवसांचा धोका म्हणतो तो यामुळे. दहा दिवसांचं वासरू तोच जंतू गिळून मजेत फिरतं.

एकदा चिकटला की तो तिथल्या तिथे वाढत जातो आणि विष सोडतो. हे विष आतडं खात नाही, जाळत नाही. ते पेशीला उलटी आज्ञा देतं: आत शोषायचं सोडून बाहेर टाक. पेशी क्लोराइड बाहेर ओतायला लागते, सोडियम घेणं कमी करते आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. रक्तातलं पाणी आतड्यात, आतड्यातून जमिनीवर. असं मेलेलं करडू फाडून बघितलं तर आतडं वरवर धडधाकट दिसतं, फक्त पाण्यानं आणि वायूनं फुगलेलं. म्हणूनच या हगवणीत सहसा ताप नसतो आणि रक्तही नसतं.

पाण्याबरोबर खायच्या सोड्यासारखा क्षार, बायकार्बोनेट, निघून जातो आणि रक्त आंबट होत जातं. पिल्लू मलूल होतं, चोखायचं सोडतं, मान टाकतं. पेशींमधलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि शेवटी हृदय बंद पडतं. "हगवण तर कालच थांबली होती, तरी मेलं" असं लोक सांगतात तेव्हा पुष्कळदा हेच झालेलं असतं. हगवण थांबलेली नसते, बाहेर टाकायला अंगात पाणी उरलेलं नसतं.

आणि हगवण लागलेल्या पिल्लाच्या शेणाच्या एकेका ग्रॅममध्ये हा जंतू कोट्यवधींनी असतो. मोठी शेळी थोडे जंतू टाकते, आजारी करडू त्याचे कैकपट करून त्याच जागेवर पसरवतं. पुढचं करडू जन्मतं ते त्यावरच.

पहिले सहा तास

माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच तिची बरीचशी प्रतिकारशक्ती वारेतून मिळते. गाय, म्हैस, शेळी, मेंढीच्या वारेची घडण अशी आहे की त्यातून ही द्रव्यं पलीकडे जातच नाहीत. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात ती जवळपास शून्य असतात. जे मिळायचं ते चिकातूनच. १९२२ मध्ये थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल या अमेरिकन संशोधकांनी काही वासरांना चीक दिला, काहींना दिला नाही. चीक मिळालेली जगली, न मिळालेली बहुतेक दगावली, आणि त्यांच्या मरणामागे बरेचदा हाच ई. कोलाय सापडला. शंभर वर्षं झाली या गोष्टीला.

चिकातली मोठी द्रव्यं अख्खीच्या अख्खी रक्तात घ्यायची आतड्याची क्षमता पहिल्या दोन-चार तासांत सर्वांत चांगली असते. सहा तासांनंतर ती झपाट्यानं उतरते आणि चोवीस तासांत जवळजवळ संपते. दुसऱ्या दिवशी घागरभर चीक पाजला तरी तो रक्तात जात नाही. आतड्यात मात्र कामाला येतो, तिथल्या तिथे जंतूच्या तंतूंना धरून ठेवतो. त्यामुळे पुढचे तीन दिवसही चीक पाजतच राहायचा. खरवस सोसायटीत वाटायला नंतर पुष्कळ वेळ असतो.

आणि इथेच आपल्याकडचा सर्वांत महागात पडणारा समज आडवा येतो. मंगळवेढ्याकडच्या एका वस्तीवर मावशी म्हणाल्या, "वार पडल्याबिगर पाजलं तर शेळीला बाधतंय की ओ डॉक्टर. आमच्यात नाही पाजत." शेळी पहाटे व्यायली होती, दुपार झाली होती, करडं डालग्याखाली ओरडत होती.

"मावशी, करडू सडाला लागलं की शेळीची पिशवी आवळती. वार पडायला त्यानंच मदत होती."

"खरं म्हणताय?"

खरंच आहे. चोखण्यानं ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं. दूध उतरवणारं आणि गर्भाशय आकुंचन पाववणारं संप्रेरक तेच. वार पडायची वाट बघत चीक थांबवणं म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

किती पाजायचा? पहिल्या दिवसात वजनाच्या दहा टक्के हा कमीत कमी हिशोब धरा, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. अडीच किलोचं करडू असेल तर पहिल्या पाजण्यात सव्वाशे मिली, म्हणजे साधा चहाचा मोठा कप. पंचवीस-तीस किलोचं रेडकू असेल तर सव्वा ते दीड लिटर. करडांना दिवसभरात यापेक्षा जास्त, दोन-तीन वेळा पाजलं तर आणखी चांगलं. जुळं-तिळं असेल तर प्रत्येकाच्या पोटात किती गेलं ते स्वतः बघा; दांडगं करडू दोन्ही सड धरून बसतं आणि मागचं नुसतं ढुशा मारत राहतं. पाजण्याआधी कास-सड कोमट पाण्यानं धुऊन पुसा आणि प्रत्येक सडाची पहिली धार पिळून टाका. सडाच्या तोंडाशी चिकट बोळा असतो, त्यामुळे अशक्त करडाला ओढताच येत नाही.

चीक दाट की पातळ हे डोळ्यांनी बघून नीट कळत नाही. गाईच्या चिकासाठी आपल्याकडे एक सोय आयती आहे. कासेगाव, नान्नज, सगळा द्राक्षपट्टा घ्या, मण्याची साखर मोजायचा ब्रिक्स मीटर कुणा ना कुणाकडे असतोच. त्याच काचेवर चिकाचा थेंब टाका. गाईचा चीक २२ किंवा त्याच्या वर आला तर उत्तम. खूप खाली आला तर त्याच गोठ्यातल्या दुसऱ्या जुन्या गाईचा, आधी काढून गोठवून ठेवलेला चीक वापरा, कोमट पाण्यात भांडं ठेवून वितळवलेला. गॅसवर उकळवू नका, उकळलेल्या चिकाचा खरवस होतो, औषध राहत नाही. पहिलारू कालवडीचा चीक बऱ्याचदा कमी पडतो. जी गाय वेळेवर आटवली नाही, शेवटपर्यंत पिळत राहिलात, तिचाही. गाई-म्हशीला व्यायच्या आधी दोन महिने विश्रांती हवी, शेळीला दीड-दोन.

नाळेला टिंक्चर आयोडीन लावायचं ते याच वेळी. हा जंतू कधी नाळेतून थेट रक्तात शिरतो. मग हगवण लागो न लागो, सांधे सुजतात, डोळे गढूळ होतात आणि पिल्लू एक-दोन दिवसांत जातं.

कॅलेंडरवर लिहा, मग गुन्हेगार सापडतो

दुधाचा हिशोब ज्या कॅलेंडरवर लिहिता तिथेच विण्याची तारीख आणि हगवण लागल्याची तारीख लिहायला लागा. एका हंगामात चित्र दिसतं.

पहिली व्यायलेली चार-पाच शेरडं ठीक, त्यांची करडं ठणठणीत, आणि नंतर जन्मलेली एकामागून एक आडवी पडतायत? मग दोष जागेचा. सुरुवातीच्या करडांच्या पोटात जंतू वाढत गेला, जमीन भरली आणि मागून आलेल्यांना मोठा डोस मिळाला. उलट अगदी पहिल्या करडापासूनच सुरू झालं असेल तर चिकाची वेळ आणि मात्रा आधी तपासा. फक्त पहिलारूंची पिल्लं जातात? चिकाचा दर्जा. आईला पिणारी सगळी बरी आणि बाटलीवर वाढवलेलीच आजारी पडतात? मग बाटली आणि निपल उघडून आत बोट फिरवा. निपलच्या आतल्या घडीत दुधाची पिवळट चिकट साय बसलेली असते, उन्हाळ्यात तिला आंबूस वास येतो. बादलीच्या कडीखालच्या वळणातही तेच. गरम पाणी आणि साबणानं घासून, उलटी टांगून, उन्हात वाळवायची. नुसती विसळून चालत नाही.

रात्री व्यायलेल्या जनावरांचीच पिल्लं आजारी पडतात असंही एका गोठ्यात निघालं. कारण सरळ होतं: रात्री कुणी उठत नव्हतं, चीक सकाळी मिळत होता.

जागा

काळ्या रानातल्या शेडची जमीन हा आपल्या भागातला खरा त्रास. मंगळवेढ्याची काळी माती ज्वारीला सोनं, पण गोठ्यात तिचा चिखल होतो आणि आठवडाभर वाळत नाही. सप्टेंबरच्या पावसात व्यायलेली शेरडं या ओलीवर बसतात, कास मातीत. वरून फिनेल शिंपडून उपयोग नाही. शेणात आणि मातीत फिनेलचा जोर संपून जातो. खरवडल्याशिवाय फिनेल मारणं म्हणजे फक्त वास विकत घेणं. आधी वरचा चार-सहा बोटं थर खरवडून उकिरड्यावर न्या, जागा आठ-दहा दिवस मोकळी सोडून उन्हात वाळवा, चुना भुरभुरा, वर मुरूम टाकून चोपून घ्या. मुतारीचा उतार बाहेर ठेवा. बसायला कोरडं पाचट किंवा भुसा, आणि तो ओला झाला की बदलायचा. सोलापूरचं ऊन फुकट आहे आणि जंतुनाशकांत ते कुठल्याही डब्यापेक्षा कमी नाही. पत्रा इतका खाली उतरवू नका की ऊन आत शिरणारच नाही. कॉक्सिडियाच्या अंडपेशींवर तर बहुतेक औषधी फवारे चालतही नाहीत, वाळवणं आणि उष्णता यांनीच त्या मरतात.

व्यायची जागा वेगळी असावी आणि आजारी करडांची जागा तिच्यापासून लांब. कामाचा क्रम: आधी नवजात, मग निरोगी मोठी करडं, शेवटी आजारी. लोक नेमकं उलटं करतात, कारण सकाळी उठल्यावर काळजी आजारी करडाचीच असते. त्याला हाताळलेल्याच हातांनी नवजाताला बाटली लावतात.

एक गोष्ट मला नेहमी विचार करायला लावते. वाघूर (मेंढरं रात्री कोंडायची जाळी) टाकून फिरणाऱ्या मेंढपाळाच्या कोकरांत ही पहिल्या चार दिवसांची हगवण मला पक्क्या शेडपेक्षा कमी दिसते. ना सिमेंट, ना फिनेल. पण त्यांचं वाघूर एक-दोन रात्रींनी नव्या रानात लागतं. जंतूचा साठा व्हायच्या आत कळप पुढे. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात गाईंसाठी नेमकी हीच पद्धत शास्त्रशुद्ध करून वापरतात: दर आठवड्याला न व्यायलेल्या गाई नव्या कुरणात हलवायच्या, व्यायलेल्या आपापल्या वासरांसह मागेच ठेवायच्या. त्यामुळे आठवड्याच्या फरकापेक्षा मोठं वासरू लहानाजवळ येतच नाही. तीस-चाळीस शेरडांचा मालक हे सहज करू शकतो. शेडच्या बाहेर दोन ठिकाणी जाळी लावायची, या आठवड्यात व्यायलेल्या इकडे, पुढच्या आठवड्यातल्या तिकडे. जाळीचा खर्च एका करडाच्या किमतीपेक्षा जास्त नाही.

आत्ता हगवण लागलेलं करडू समोर आहे

पाणी, पाणी आणि पाणी. जंतूचा बंदोबस्त नंतर.

मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक. दोन-तीन सेकंद उभी राहिली, डोळे खोल गेले, डोळा आणि पापणीच्या मधे फट दिसायला लागली तर वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास पाणी अंगातून गेलेलं आहे. तीन किलोच्या करडाचं पाव लिटर, तीस किलोच्या रेडकाचं जवळजवळ अडीच लिटर. तोंडात बोट घाला. गरम असेल आणि बोट चोखत असेल तर तोंडानं पाजून वाचवता येतं. थंडगार तोंड, चोखणं बंद, मान टाकलेली, तर बाटलीनं काही ओतू नका, ते फुप्फुसात जातं. तिथे शिरेतून सलाईनच लागतं, तेही तासाभरात. डॉक्टरला बोलवा. सरकारी फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे.

तोंडानं द्यायला जनावरांसाठीचं क्षारांचं पाकीट मिळालं तर चांगलंच. नाहीतर माणसांचं, डब्ल्यूएचओ सूत्राचं ओआरएस, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच, म्हणजे एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात. बोअरचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका, मिठावर मीठ होतं. करडाला शंभर मिली दिवसातून चार-पाच वेळा, रेडकाला एक ते दीड लिटर तीन वेळा. मघाशी म्हटलं की विष आतडं जाळत नाही. ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत ओढून घ्यायची पेशीची सोय या हगवणीतही शाबूत राहते, म्हणून हे पाणी उपयोगी पडतं.

आता एक कळकळीची सूचना. साखर-मीठ-पाणी किंवा गूळपाणी पाजू नका. माणसाच्या मुलाला चालतं ते इथे चालत नाही. वासरू, करडू, कोकरू यांच्या आतड्यात साखर फोडणारं सुक्रेज हे विकर नसतंच. ऊस असो, साखर असो, गूळ असो, ते तसंच आतड्यात पडून राहतं, आणखी पाणी ओढतं, हगवण वाढवतं. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात हे सांगायला जरा अवघड जातं, पण पाकिटावर ग्लुकोज किंवा डेक्स्ट्रोज लिहिलंय ना, ते वाचूनच घ्या. तांदळाची पेज, ज्वारीच्या पिठाची आंबील हेही नवजाताला पचत नाही. सांगोल्याकडे डाळिंबाची साल उकळून पाजतात. शेण थोडं घट्ट दिसलं तरी गेलेलं पाणी काही त्यातून भरून येत नाही. पाजायची तर ओआरएस सोडून नको.

दूध तोडायचं का? पूर्वी तोडायला सांगत. आता तसं सांगत नाहीत, कारण उपाशी पिल्लाला सावरायला ताकद उरत नाही आणि आतड्याची डागडुजीही दुधावरच होते. थोडं थोडं, जास्त वेळा पाजा, आणि दूध व ओआरएस यांच्यात दोनेक तासांचं अंतर ठेवा. दोन्ही एकत्र गेलं तर क्षारांमुळे दूध जठरात नीट दही धरत नाही.

अँटिबायोटिक सरसकट नको. गाईच्या बोलसचा (मोठ्या गोळीचा) पाव तुकडा मोडून करडाच्या घशात घालणं हा प्रकार मी जवळजवळ प्रत्येक वस्तीवर बघतो. मात्रेचा पत्ता नाही, हगवण विषाणूची असेल तर उपयोग शून्य, आणि उरलेले जंतू त्या औषधाला सरावतात. मग खरी गरज असते तेव्हा तेच औषध लागू पडत नाही. ताप आहे, शेणात रक्त आहे, नाळ किंवा सांधे सुजलेत, चोखणं थांबलंय, अशा वेळी ते लागतं, आणि ते डॉक्टरनं वजनावर ठरवायचं. ताप हाताला लागतो म्हणून सांगू नका, थर्मामीटर लावा. करडाचं नेहमीचंच तापमान १०२ ते १०४ फॅरनहाइटच्या दरम्यान असतं. मे महिन्यात पत्र्याखाली हाताला सगळीच तापलेली लागतात. उलट, ई. कोलायच्या शेवटच्या टप्प्यात अंग गार पडतं. तेव्हा पोत्यात गुंडाळून ऊब द्या.

एकदम मेलेलं कोकरू

हे वर सांगितलेल्यातलं नव्हे. सुगी झाल्यावर मेंढरं ज्वारीच्या, मक्याच्या मोकळ्या रानात सोडतात, पडलेली कणसं खातात, आणि दोन दिवसांत कळपातलं सर्वांत भरलेलं कोकरूच पाय झाडून मरतं. इथे गुन्हेगार क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स, प्रकार डी. तो आतड्यात आधीपासून थोडा असतोच. पिष्टमय खाणं अचानक जास्त गेलं, न पचता लहान आतड्यात उतरलं की तो भसाभस वाढतो आणि विष तयार करतो. आतड्यातलंच ट्रिप्सिन हे पाचक विकर त्या विषाला पूर्ण जहरी करतं. उपचाराला वेळ मिळत नाही. आंत्रविषाराची लस आहे, पावसाळ्यापूर्वी टोचतात. पहिल्या वर्षी दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा चुकवायची नाही, नुसत्या एका टोचणीवर भरवसा ठेवू नका. गाभण मेंढीला व्यायच्या चार-सहा आठवडे आधी टोचली तर चिकातून कोकरालाही संरक्षण जातं. आणि धान्यावर, भरड्यावर आणताना आठवडाभरात हळूहळू आणायचं.

एवढं सगळं करूनही दुसऱ्या हंगामात मर चालूच राहिली तर अंदाज बास. औषध सुरू करायच्या आधी, हगवण लागलेल्या दोन-तीन पिल्लांचं ताजं शेण स्वच्छ डबीत घ्या, बर्फावर ठेवा, त्याच दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात द्या, आणि पुण्याच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवायला सांगा. मेलेलं करडू असेल तर काही तासांच्या आत शवविच्छेदन करून घ्या. आपल्या उन्हात संध्याकाळपर्यंत त्यातून काहीच कळण्यासारखं उरत नाही. नंतर ते कालव्यात किंवा ओढ्यात टाकू नका, चुना घालून खोल पुरा. आणि घरातली लहान पोरं आजारी करडाला कडेवर घेऊन फिरत असतील तर त्यांचे हात साबणानं धुवा. साल्मोनेला आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे दोन्ही माणसाला लागतात.